कारण पुरेसे नाही

हे लिहायला मी माझ्या धाकट्या भावाची परवानगी घेतली आहे, आणि तीही लेखी. आमच्या घरात तोंडी परवानगीला कुणी विचारत नाही. ही सवय अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी लावली. एकवीस वर्षं ते एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि पोरांनी त्यांचं नाव 'खरं कारण' असं ठेवलं होतं.

रजेच्या अर्जात 'घरगुती कारणामुळे' असं लिहिलेलं त्यांना चालत नसे. साऱ्या जगात चालतं, त्यांना चालत नसे. अर्ज परत यायचा, खाली लाल शाईत शेरा: कारण पुरेसे नाही. मग शिक्षक चडफडत त्यांच्या खोलीत जायचे. अण्णा खुर्ची पुढे सरकवून सांगायचे, ताकाला येऊन भांडं लपवू नका. खरं लिहिलंत तर रजा मिळेल, आणि कागद माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही. हे दोन्ही शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

खेळाच्या सरांनी एकदा वैतागून लिहिलं, 'सामना बघायचा आहे.' अर्ज मंजूर झाला, खाली शेरा होता, 'दुपारपर्यंत धावसंख्या कळवावी.' ही गोष्ट सर स्वतःच सगळीकडे सांगत फिरले, म्हणून मला माहीत. चित्रकलेच्या बाईंनीही पुढे मला सांगितलं, की नवऱ्याशी भांडून डोळे सुजले होते, वर्गासमोर उभं राहवेना, तेव्हा तेच जसंच्या तसं लिहून दिलं. अण्णांनी सही केली आणि त्यांचा तास स्वतः घेतला. फळ्यावर घोडा काढला. चाळीस पोरांनी वहीत निमूटपणे गाय उतरवून घेतली.

संस्थेचे अध्यक्ष तणतणत आले होते एकदा. अशा रजा वाटल्या तर शाळा ओस पडेल म्हणाले. झालं उलटंच. कारण खरं लिहायचं म्हटल्यावर निम्मे लोक कोरा कागद घेऊन परत वर्गावर जायचे.

मी त्याच शाळेत होते, हे माझं दुर्दैव. पाचवीत गणिताच्या चाचणीच्या दिवशी मी अर्ज लिहिला: ताप आला आहे. ज्या माणसानं तासाभरापूर्वी माझ्या वेण्या घालून दिल्या होत्या, त्यालाच हा अर्ज. अक्कल गहाण टाकली होती मी. शेरा आला, 'खरे कारण लिहा.' मी रडत रडत लिहिलं, 'गणिताची भीती वाटते.' मंजूर! संध्याकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, चपला-बूट मांडून त्यांनी मला अपूर्णांक शिकवले. गणित मला आजही येत नाही, पण ती संध्याकाळ लख्ख आठवते.

घरात मात्र मुख्याध्यापक आई होती. शाळेत ज्यांच्या नुसत्या चाहुलीनं पोरांची पाचावर धारण बसायची, ते घरी तिच्या हाताखाली मटार सोलत बसायचे आणि दाणे तोंडात टाकल्याबद्दल बोलणी खायचे. सकाळचा चहा तेच करायचे. दोन कप घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि दिवसाचं वेळापत्रक तिला वाचून दाखवायचे: पहिल्या तासाला कुठला वर्ग, दुपारी कुणाचे पालक येणार. ती ऐकायची, मधूनच एखाद्या पालकाला नावं ठेवायची. निवृत्तीनंतर शाळा उरली नाही, पण वेळापत्रक सुरूच राहिलं: दहाला बँक, अकराला नळ दुरुस्त करणारा.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी सगळे जुने अर्ज बादलीत भिजवून त्यांचा लगदा केला. एक तरी वाचू दे, म्हणून आईनं पस्तीस वर्षांच्या संसाराची शपथ घातली. नाही म्हणजे नाही. दोन दिवस तिनं अबोला धरला होता.

आई गेली आणि आमचं घोडं अडलं ते इथेच. अण्णा एकटे. मी तासाभराच्या अंतरावर, धाकटा पार परदेशात. तो तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा: त्यांना तुझ्याकडे घेऊन ये. मलाही तेच हवं होतं हो! मी खोली रंगवली, त्यांची पुस्तकं मावतील असं कपाट करून घेतलं. अण्णांचं एकच, "इथे बरं आहे." मी समजावलं, भांडले, नवऱ्याला मध्ये घातलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग एका सकाळी ते न्हाणीघरात घसरले आणि तासभर तिथेच पडून राहिले. मनगटावर निभावलं. पण माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

मी तडक गेले. आधीच मी फटकळ, त्यात घाबरलेली. टेबलावर कोरा कागद आपटला आणि म्हटलं, "इथे बरं आहे, हे कारण पुरेसं नाही. खरं कारण लिहा."

त्यांनी कागद पुढे ओढला. मग प्लास्टर नसलेल्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, त्यांनी लिहिलं:

'विषय: मुलीच्या घरी राहायला न येण्याबाबत.

सकाळी मी दोन कप चहा करतो. एक तुझ्या आईच्या जागेसमोर ठेवतो आणि तिला वेळापत्रक सांगतो. मोठ्याने सांगतो. मनातल्या मनात करून पाहिले, पण मग ती ऐकत नाही असे वाटते. तुझ्या घरी पाच माणसे आहेत. तिथे मला मोठ्याने बोलता येणार नाही. तरी न येण्याची परवानगी मिळावी. धाकट्याला कळवू नये. तो डॉक्टरकडे नेईल.'

मला राग आला. खोटं असतं तर कागद टराटरा फाडून त्यांना गाडीत घातलं असतं. पण खरं कारण नाकारायचं कसं, ते या माणसानं मला कधी शिकवलंच नव्हतं. मी हात पुढे केला. त्यांनी खिशातलं लाल पेन दिलं. मी 'मंजूर' लिहिलं आणि खाली शेरा मारला: 'रोज सकाळी सातला फोन करावा.' त्यांनी तो दोनदा वाचला आणि मान डोलावली.

चौदा महिने सातचा फोन चुकला नाही. नंतर एका मंगळवारी आला नाही. मी पोहोचले तेव्हा ते खुर्चीत होते, चष्मा डोळ्यांवर. टेबलावर एक कप रिकामा होता, समोरचा भरलेला, साय धरलेला. जवळ कुणी असतं तर कदाचित वेळ मिळाला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी अजून गिळते आहे.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. आल्या आल्या, नातेवाइकांच्या देखत, त्यानं माझ्यावर तोंड सोडलं. तो कागद माझ्या पर्समध्ये होता. काढून त्याच्या हातात ठेवला असता तर तिथल्या तिथे सुटले असते मी. वर्षभरानं तो पुन्हा आला तेव्हा दाखवला, कारण त्यालाच एकट्यानं बोलताना मी दोनदा पकडलं होतं. त्या दिवशी मात्र हात पर्सवर घट्ट धरून उभी राहिले.

"एवढं सांगूनही तू त्यांना एकटं ठेवलंस," तो म्हणाला. "का? कारण काय?"

जन्मात पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडून निघाला.

"घरगुती," मी म्हणाले.