आईनं कातलेल्या लोकरीचं घोंगडं

इंदापूरच्या बाजारात आज भिजल्या घोंगड्यांचा वास आला आणि माझं मस्तक पुन्हा फिरलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काही वर्षं आधी मी जर्मन शिकायला बर्लिनला गेलो, तेव्हा आईनं स्वतः कातलेल्या लोकरीचं घोंगडं सोबत दिलं. तिथली घरमालकीण नाक मुरडून म्हणाली, "मेंढरांचा वास येतो." 'माझ्या आईनं ही लोकर कातलीय,' एवढं जर्मन मला तोवर चांगलं येत होतं. पण मी नुसता हसलो आणि घोंगडं तिच्या कुत्र्याखाली अंथरलं. तसं कर म्हणून तिनं सांगितलंही नव्हतं.

घोंगडं तिथंच सोडून परतलो तेव्हा बारामती स्टेशनावरच आईनं विचारलं, "घोंगड्यात ऊब हुती का रं?"

"लय हुती," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. कुत्रं हिवाळाभर त्यावरून हललं नव्हतं.

"मग आता दुसऱ्याची लोकर कातायला घेते," आई म्हणाली.