पुढच्या मंगळवारपर्यंतचे आकडे

दर मंगळवारी मधुमेही मुलींना तपासायला बसणाऱ्या नर्सबाईंना मुली पाठीमागे 'हेडमास्तरीण' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं. प्रत्येकीने घरी साखर तपासायची, आकडा वहीत लिहायचा आणि वही बाईंपुढे ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता. आकडा चढलेला दिसला की कानउघाडणी, आटोक्यात असला की पाठीवर थाप.

सगळ्यांत सुरेख वही शिवणकारखान्यात काम करणाऱ्या मुलीची. एकवीस वर्षांची, बाराव्या वर्षापासून इन्शुलिनवर. कुठे खाडाखोड नाही आणि आकडे सगळे एकशेवीस-तीसच्या घरात. बाई ती वही बाकीच्यांच्या नाकासमोर नाचवत.

"बघा, दिवसभर राबून हिला जमतं. तुम्हाला काय धाड भरलीय?"

मुलगी मान खाली घालून बसे. बाईंना तो विनय वाटे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी तिने दरवेळी चुकवली, सुट्टी मिळत नाही म्हणाली, तेव्हा बाईंनीच सांगितलं, "राहू दे गं, तुझं काय बिघडलंय!" इतरांच्या वह्या भिंग लावून बघणाऱ्या बाईंनी हिच्यापुरती डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली होती.

एका गुरुवारी सकाळी मुलगी शिलाई मशीनवरच कोसळली. साखर पाचशेच्या वर गेली होती. बाई धावत वॉर्डात पोचल्या, तर तिच्या आईने पिशवी पुढे केली. साखर तपासायच्या यंत्राची बॅटरी कधीच संपलेली होती. बाईंनी वही उघडली. शुक्रवार, शनिवार, रविवार... पुढच्या मंगळवारपर्यंतचे आकडे त्याच कोरीव अक्षरात लिहून तयार होते. बाई तिथेच स्टुलावर बसल्या.

मुलगी वाचली. पण उजव्या डोळ्याच्या पडद्याचं बरंच नुकसान झाल्याचं निघालं. कारखान्यात इन्शुलिन टोचायला आडोसा नव्हता. सगळ्यांसमोर टोचलं तर आजारी म्हणून काढून टाकतील, या भीतीने दीड वर्ष ती दुपारचं इन्शुलिन घेतच नव्हती. बाईंनी इतक्या वर्षांत कुठे टोचायचं ते शिकवलं होतं, पोटावर की मांडीवर एवढंच. कुठे बसून टोचतेस, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस, बाळा? ओरडले असते म्हणून?"

"नाही ताई. ओरडा खायची सवय झाली होती मला," मुलगी म्हणाली. "पण एकदा खोटा आकडा लिहिला आणि तुम्ही केवढ्या खूश झालात. माझं असं कौतुक घरी कुणी कधी केलं नव्हतं. मग ते मोडवेना."

तिने शिव्या दिल्या असत्या तरी बाईंनी सोसल्या असत्या.

आता वही उघडण्याआधी त्या प्रत्येकीला विचारतात, "दुपारी कुठे बसतेस टोचायला?" एक-दोन कारखान्यांत त्या स्वतः जाऊन भांडूनही आल्या. पण व्हायचं ते होऊन गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

ती मुलगी मंगळवारी येते. सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून आता कपड्यांच्या घड्या घालते. वहीत अक्षर वाकडंतिकडं, रेघ सोडून गेलेलं, पण आकडे खरे असतात. दोनशे चाळीस. एकशे नव्वद. दोनशे दहा. बाई सवयीने 'छान' म्हणायला जातात आणि त्याऐवजी वही मिटून रक्ततपासणीची चिठ्ठी तिच्या हातात ठेवतात.