कंसातली दोन अक्षरं

नव्याकोऱ्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा सोडला, की त्यातून एक ओलसर, उग्र, किंचित रॉकेलसारखा वास येतो. छापखान्यातल्या शाईचा तो वास. त्यात हळदीकुंकवाचा गंध मिसळला, की कुणाच्याही मनात सनई वाजू लागावी. माझ्या मनात मात्र त्या वासानं अजूनही भांडणाची खुमखुमी उठते! कुणाची पत्रिका हाती आली, की मी वधूवरांच्या नावांआधी त्यांच्या पुढचे कंस वाचते. ही सवय इतक्या वर्षांत गेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या सातारा-सांगलीकडे विद्या नुकतीच लग्नपत्रिकेवर येऊन बसली होती. नावापुढं कंस, कंसात पदवी. कोरेगावजवळच्या आमच्या गावात ज्या घराच्या पत्रिकेवर असा कंस छापला जाई, त्या घराकडं लोक जरा मान वळवून बघत. आमचं घर ऊसवाल्यांचं आणि फौजेतल्या माणसांचं. ओसरीवर भिंतभर गणवेशातले फोटो. माझे वडील, नाना, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्यांनी मला साताऱ्याच्या कॉलेजात घातलं, तेही हौसेनं, हे श्रेय मी त्यांना मनापासून देते. पण मी बी. ए.ला तत्त्वज्ञान हा विषय घेतला, आणि घरावर जणू टोळधाड आली.

"त्यानं काय हुतंय?" नानांचा हा एकच प्रश्न तीन वर्षं माझ्या मागं एस.टी.त बसून साताऱ्यापर्यंत येत असे. गृहविज्ञान घेतलं असतं तर सासरी उपयोगी पडलं असतं, इंग्रजी घेतलं असतं तर मास्तरीण झाले असते. तत्त्वज्ञानाचा उपयोग काय? उपयोग! या शब्दाइतकी मी दुसऱ्या कुठल्याच शब्दावर चिडले नसेन. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवणाऱ्या, त्यांना झुली घालून गावभर मिरवणाऱ्या घरानं मला उपयोग विचारावा? रंगवलेल्या शिंगांनी बैल काय जास्त नांगरतो? ज्यावर आपला जीव असतो, त्याचा उपयोग आपण विचारत नाही. ज्यावर दुसऱ्याचा जीव असतो, त्याचाच विचारतो.

आणि खरं कारण सांगू? आमच्या घरात नाना बोलले, की बोलणं संपायचं. "आर्डर म्हंजी आर्डर," असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवायचे आणि आई मुकाट्यानं उठून चुलीकडं जायची. का, असं विचारायची सोयच नव्हती. आणि कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला मला कळलं, की 'मी सांगतो म्हणून' हे कारणच नव्हे! ते कितीही मोठ्या आवाजात सांगितलं, तरी नव्हे. त्या दिवशी मला जे वाटलं, ते कुठल्या शब्दांत सांगावं? कोंडलेल्या खोलीची खिडकी कुणीतरी बाहेरून ढकलून उघडावी, तसं काहीसं झालं. मी तो विषय निवडला नाही, त्याला घट्ट धरून ठेवलं, एवढंच म्हणेन.

शेवटच्या वर्षी, माघात, तासगावचं स्थळ आलं. द्राक्षांची बाग, मुलगा बी. एस्सी. ॲग्री. मुलगा दिसायला सावळा, बोलायला लाजरा होता. मला तो नापसंत नव्हता, हेही कबूल करते. मुहूर्त मात्र नेमका निघाला माझ्या दुसऱ्या पेपरच्या दिवशी. "परीक्षा काय पळून जात न्हाई, पुढल्या साली दे की," नाना म्हणाले. लग्न होऊन गेलेल्या मुलींचं ते 'पुढलं साल' कधी उजाडतं, ते मला माहीत होतं. आमच्या वर्गातल्या दोघी अशाच गेल्या होत्या आणि त्यांची वह्यापुस्तकं आमच्याकडं पडून होती.

मग एका दुपारी कोरेगावच्या छापखान्यातून पत्रिका आल्या. नानांनी मोठ्या अभिमानानं गठ्ठा सोडला, तो शाईचा वास ओसरीभर पसरला, आणि मी बघते तर माझ्या नावापुढं कंस, कंसात बी. ए.!

"नाना, मी कवा झाले बी. ए.?"

"व्हनारच हुतीस की! आन् त्यांच्या पोराच्या नावाफुडं कंस हाय, आपल्या पोरीच्या फुडं मोकळं बरं दिसतंय व्हय? मांडवात कोन मार्कलिस्ट मागतंय?" असं म्हणून नाना हसत हसत रानात निघून गेले.

तुम्हाला सांगते, परीक्षा हुकणार म्हणून मी रडले होते. पण ती अक्षरं बघून माझे डोळे कोरडे झाले. पदवीला पोहोचण्याची वाट तुम्ही बंद करता, आणि पदवी तेवढी दागिन्यासारखी माझ्या अंगावर घालता? मी नानांची दौत काढली, टाक घेतला, ओसरीवर बसकण मारली आणि एकेका पत्रिकेवरची ती दोन अक्षरं आडव्या रेघेनं खोडायला लागले. शेजारीच आई पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत बसली होती. आई शाळेची पायरी कधी चढली नव्हती, सहीच्या जागी अंगठा उठवायची. तिनं कुंकवाचं बोट थांबवलं.

"कुठलं खोडतीयास गं? दाव मला."

मी बोट ठेवून दाखवलं. असं का, तेही सांगितलं. पदराला हात पुसून तिनं दुसरा टाक उचलला, पुढच्या पत्रिकेवर वाकली, बोटानं ओळी चाचपत चाचपत ती दोन अक्षरं हुडकली आणि त्यांच्यावर रेघ मारली. माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा वाचलेली अक्षरं ती, आणि वाचली ती खोडण्यासाठी! उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघींनी सगळा गठ्ठा संपवला.

नाना परतले आणि त्यांचा पारा चढला. असल्या पत्रिका पाव्हण्यांत वाटायच्या कशा? मी म्हटलं, "वाटा की. खरं हाय तेच ऱ्हायलंय त्यात." त्यांनी हात उगारला नाही, पण आवाजानं गोठ्यातली जनावरं उठली. तेव्हा मी, तीन वर्षं शिकलेला सारा तर्क एका वाक्यात घालून, विचारलं, "नाना, तुमी लढाईला न जाताच छातीवर मेडल लावलं असतं का?"

नाना गप्प झाले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुवट फेटा बांधून तासगावला गेले, मुहूर्त पुढं ढकलता येईल का, ते विचारायला. दुसऱ्याच्या दारात अशी विनंती तोंडातून काढताना त्या ताठ माणसाला काय वाटलं असेल, हे आज मला कळतं. आणि तिथं काय व्हावं? नानांचं बोलणं संपताच तो लाजरा मुलगा बापाकडं न बघता म्हणाला, "आवं मामा, बरं झालं तुमीच बोलला. माझाबी एक विषय ऱ्हायलाय. ऑक्टोबरात देतो." म्हणजे तिकडचा कंसही आगाऊच होता! नाना घरी येऊन हे सांगताना इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

मी परीक्षा दिली, दुसऱ्या वर्गात पास झाले. तिकडचा विषयही सुटला. त्या पदवीनं मला नोकरी दिली नाही. मी द्राक्षबागेत राबले, पोरं वाढवली. तरीही कुणी त्यानं काय झालं असं विचारलं, तर मी आजही पदर खोचून उभी राहते. काय झालं? माझ्या घरात कुणीही कुणालाही का, असं विचारू शकतं. एवढं झालं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आमच्या लग्नाच्या नव्या पत्रिका आल्या होत्या. ओसरीवर पुन्हा तोच उग्र, ओला वास. आई कुंकवाचा करंडा घेऊन बसली, पहिली पत्रिका मांडीवर घेतली आणि बोट ओळींवरून फिरवू लागली. या वेळी तिला कुणी काही दाखवलं नव्हतं. माझ्या नावापुढं येऊन तिचं बोट थांबलं. चारी कोपरे तसेच सोडून तिनं आधी त्या दोन अक्षरांना कुंकू लावलं, आणि मग पत्रिका नानांच्या हातात दिली.