एलनंतर ए

शनिवारची गोष्ट. उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीचं ऑफिस, सकाळचे साडेअकरा. मी कॉम्प्युटरसमोर, सुजाता माझ्या खुर्चीमागे उभी, आणि दोघींसमोर स्क्रीनवर एकच ओळ... ‘सर्व्हर सापडत नाही.’

सुजाता कडोलीची. आमच्या लॅबमध्ये दीड वर्ष तिने साच्याची वाळू तपासायचं काम केलं. हुशार, कामाला चोख, बोलायला कमी. हुबळीच्या एका मोठ्या कंपनीत तिची निवड झाली होती, फक्त आमचं अनुभवाचं पत्र पोचायचं राहिलं होतं. तेही फौंड्रीच्या मेलवरूनच, शनिवारी दुपारी एकच्या आत. फोनवरून फोटो पाठवलेला चालणार नाही, आणि पत्र आलं नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

पत्र तयार होतं. सही झाली, शिक्का झाला, स्कॅन झालं. मेल मात्र आऊटबॉक्समधून हलेना.

त्याच आठवड्यात आम्हाला मेलची सर्व्हिस देणाऱ्यांनी सर्व्हर बदलला होता. नव्या सेटिंग्जचा कागद शुक्रवारी संध्याकाळी आला आणि शनिवारी सकाळी मीच त्या टाकल्या. असली कामं मी दुसऱ्यावर सोडत नाही. टाइपरायटर होते तेव्हापासून मी या खुर्चीत आहे, कॉम्प्युटरला घाबरत नाही.

आधी ब्राउझर उघडला. बातम्या दिसल्या... म्हणजे नेट चालू. अकाउंट्सचे शिवाजीराव त्यांच्या टेबलावरूनच म्हणाले, “आक्का, पासवर्ड चुकला असंल बघा.”

“पासवर्ड चुकला तर तो तसं सांगतो,” मी म्हटलं. “हा अजून दारापर्यंतच पोचला नाही. कुलपाचं नंतर बघू. तुम्ही तुमचं काम करा.” त्यांनी मान खाली घातली.

मशीन बंद करून चालू केलं. अँटिव्हायरस थोडा वेळ थांबवला. कागद हातात धरून पोर्टचे आकडे तपासले, सर्व्हरचं नाव तपासलं, सगळं जिथल्या तिथे. मग माझी खात्रीच झाली... चूक मेलवाल्यांच्याच नव्या सर्व्हरची.

साडेबारा वाजले तेव्हा त्यांना फोन लावला. आवाज चढला होता, हे कबूल करते. पलीकडे एक बाई होत्या. कन्नड वळणाचं मराठी, पण अगदी शांत.

“सर्व्हर चालू आहे मॅडम. बाकी सगळ्यांचं मेल जायलंय.”

“मग आमचाच काय तो अडलाय? इथे एका मुलीची नोकरी जायची वेळ आलीय, कळतंय का तुम्हाला?”

त्यांनी सर्व्हरचं नाव वाचायला सांगितलं. मी वाचलं. बरोबर आहे म्हणाल्या. पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा बरोबर. मग जरा थांबून म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही कागद बघून वाचायलाय काय?”

“मग कशावरून वाचू?”

“कागद खाली ठेवा. स्क्रीनवरचं वाचा. एक-एक अक्षर. स्वल्प निधान.”

जरा सावकाश, म्हणे... मला असं सांगणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. तरी वाचलं. “एम, ए, आय, एल, डॉट. बी, ई, एल, जी...”

“थांबा मॅडम. एलनंतर ए.”

सर्व्हरच्या नावात आपल्या शहराचं नाव होतं, नव्या सरकारी स्पेलिंगने, एल आणि जीच्या मध्ये ए घालून. कागद समोर ठेवून मी टाइप केलं होतं ते जुनं. कृपा करून यात राजकारण शोधू नका. इतकी वर्षं पाकिटांवर आणि लेटरहेडवर जे लिहिलं तेच बोटांनी लिहिलं, आणि डोळ्यांनीही ते बिनतक्रार पास केलं.

“ह्या आठवड्यात तुम्ही चौथ्या, मॅडम,” त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. मी घाईत फोन ठेवून दिला.

अक्षरं बदलली. बारा चाळीसला मेल गेला आणि पाच-सात मिनिटांत हुबळीहून पोच आली. सुजाता मटकन स्टुलावर बसली.

“आक्का, मला मगाशीच दिसलं होतं ते.”

“मगाशी म्हणजे कधी?”

“तुमी कागद धरून तपासत होतासा तवाच.”

“मग सांगितलं का नाहीस गं?”

“तुमी रागवला असता.”

हातातली नोकरी निघून चालली होती, घड्याळ समोर होतं... आणि या मुलीला माझी चूक दाखवणं त्याहून अवघड वाटलं. मी ऑफिसला शिस्त लावली याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण एवढं गप्प बसा असं मी कधी म्हटलं नव्हतं. की न म्हणताच ते सगळ्यांना ऐकू जात होतं?

काल ती पेढे घेऊन निरोप घ्यायला आली. मी तिला बजावून सांगितलं, “तिकडे साहेब असो नाहीतर मालक, चूक दिसली की त्याच मिनिटाला बोलायचं. रागावले तर रागावू देत.”

“व्हय आक्का,” म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. “मग आताच एक बोलू? फोनवरच्या त्या मॅडमना तुमी लई वरडलासा. त्यांची काय बी चूक नव्हती.”

शिवाजीराव खोकल्यासारखं करून हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फोन उचलला, त्याच बाईंना लाइनवर बोलावून घेतलं, आणि सॉरी म्हटलं. मग थँक्यूही म्हटलं... स्वल्प निधान, अगदी सावकाश.

सुजाता दारातच उभी होती. माझं पूर्ण बोलून होईपर्यंत हलली नाही.