मामांनी मिसळलेलं ऑइल

आमच्या देवदत्तमामांच्या घरात मेकॅनिकला कधी पाऊल टाकता आलं नाही. पुण्यात सहा वर्षं स्कूटर आणि अमेरिकेत रॉचेस्टरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं यंत्रं हाताळलेला हा माणूस, बिघाड दिसला की हट्टाला पेटायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं, आणि डोकंही फिरायचं.

२००७ च्या फेब्रुवारीत एका बुधवारी भल्या पहाटे देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला माझा फोन वाजला. रॉचेस्टरला तेव्हा नऊ वाजले होते.

"सिद्धेश, बर्फ उडवायचा स्नोब्लोअर लोड घेत नाहीये रे. गॅरेजमध्ये झकास चालतोय, बर्फात घातला की खोकतो, धूर सोडतो आणि बंद!"

वादळामुळे शरयूमामीचं सोमवारचं डायलिसिस बुडालं होतं. आज दहाला सेंटरवर पोचायलाच हवं होतं, आणि गॅरेजपासून रस्त्यापर्यंत मांडीएवढा बर्फ साचला होता.

"मामी कशी आहे?"

"बसलीये किचनमध्ये. दम लागतोय जरा. आडवं होता येत नाही."

"जरा? मामा, नाइन-वन-वनला फोन करून अँब्युलन्स बोलवा ना!"

"दहा मिनिटं थांब. प्लग तिसऱ्यांदा साफ केलाय. सारखा काळा, तेलकट होतोय."

मी कॉम्प्युटरवाला. पण नागपुरात बाईक चालवलेली, तेवढ्यावर विचारलं, "पेट्रोल जुनं आहे का?"

"छे! शनिवारीच नवं आणलं. ऑइलसुद्धा मी स्वतः मापून मिसळलं, स्कूटरला घालायचो तसं."

"पेट्रोलमध्ये ऑइल? मामा, मशीन फोर-स्ट्रोक आहे ना? त्यात ऑइल वेगळ्या टाकीत घालतात."

मामा म्हणाले, "अरे देवा." इतका बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "जुनं मशीन टू-स्ट्रोक होतं रे. हात सवयीनं गेला. आता दुसरं पेट्रोल पण नाही घरात."

आतून मामीनं हाक मारली. हाक अर्ध्यावरच तुटली.

"फोन करा! आत्ता!" मी ओरडलो. मामांनी मोबाईल तसाच चालू ठेवला आणि घरातला फोन उचलला. पत्ता सांगताना ते दोनदा चुकले. मी अंथरुणात बसून नखं खात होतो, अडीच हजार मैलांवरून दुसरं काय करणार?

पंधरा मिनिटांनी बुटांचे आवाज आले. फावड्यानं वाट काढत अँब्युलन्सची माणसं आत शिरली होती. एकानं इंग्रजीत विचारलं, श्वासाचा त्रास कधीपासून होतोय?

"जस्ट नाऊ," मामी धापा टाकत म्हणाली. "आत्ताच. जस्ट नाऊ."

जन्मभर नवऱ्याला सांभाळून घेतलं, तसंच आताही घेत होती.

"नो," मामा रडत म्हणाले. "सिन्स सिक्स. आय वॉज फिक्सिंग द मशीन."