जेठाणी-देराणी

चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, अक्षरही वाकडंतिकडं आहे. पण माझ्या नवऱ्याच्या फुईइतकं, म्हणजे आत्याइतकं, बारीक पाहणारी बाई सगळ्या सातपुड्यात नसेल, आणि तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसतच नाही, हे कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

आंब्या-मोहाच्या फांदीवर मुळं लोंबवत वाढणाऱ्या रोपाला आमच्याकडे सरसकट बांदा म्हणतात. मुलीच्या पुस्तकात त्याला ऑर्किड म्हटलंय. फुईच्या लेखी त्यातल्या दोघी जावा आहेत, थोरली जेठाणी आणि धाकटी देराणी. जेठाणीचं पान जाड, ताठ, टोकाला गोल खाच. देराणीचं पन्हाळीसारखं दुमडलेलं, टोक उंदरानं कुरतडल्यासारखं. जेठाणीला पिवळी, पट्ट्यांची फुलं येतात, देराणीच्या फुलाला जांभळी जीभ; पण फुलं नसताना इतरांना दोघी सारख्याच दिसतात. गुडघेदुखीवर फुई मुळी देते ती फक्त देराणीची. कोणाच्या घरी गेली तर पाणी नंतर, आधी त्यांच्या आंब्यापाशी जाऊन "काय व, बरी शे ना?" असं वर बघून विचारणार. म्हसावदला एका लग्नात नवरी बघायची सोडून ती मांडवामागच्या मोहापाशी उभी होती. पंगत उठली तरी हिचं बोलणं संपेना.

फुईचा मोतीबिंदू वाढला तसे माझे मालक म्हणाले, "फुई, आते बस कर. एक दिन कोनले बी भलतीच मुई दिशी." फुई खलबत्त्यात मुळी कुटतच राहिली. मग त्यांनीच दोन रोपं आणली आणि ओट्यावर चार माणसांसमोर तिच्या मांडीवर ठेवली. फुईनं पानांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, जसा आपण झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतो. "हाई जेठाणी, हाई देराणी." मालक हसले. त्यांच्या मते नेमकं उलट होतं. "तुन्हा डोया चांगला शेतस," फुई म्हणाली, "पन अंगठा आंधया शे. फूल येऊ दे. तवलग मी कोनलेच मुई देवाव नई."

दोन्ही रोपं तिनं अंगणातल्या आंब्याला बांधली. लोक गुडघे धरत यायचे, ती हात जोडून परत पाठवायची. इतकी वर्षं कोणाला नाही न म्हणालेली बाई रोज सकाळी नुसती त्या फांदीखाली बसून राहायची. मला भीती वाटायची, चुकली असेल तर ही पुन्हा झाडाकडे बघणारच नाही.

वैशाखात दोन्हींना फुलं आली. माणसं जमली. फुईला रंग कळेना. तिनं चाचपडत माझा हात धरला, "सांग व माय, जोरमा सांग." चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. पण माझा आवाज शेजारच्या अंगणात गेला असेल: "ही जेठाणी! पिवळी, वाघासारखे पट्टे! आणि ही देराणी, जांभळ्या जिभेची!" फुईनं म्हटलं होतं तस्संच. मालक उठले, गुपचूप खलबत्ता घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवला.

आता तिला उजेडसुद्धा नीट कळत नाही. मुळी मी आणते. आजवर प्रत्येक वेळी ती माझ्या हातातलं रोप घेऊन आधी पानाच्या टोकावर अंगठा फिरवायची. आज फिरवला नाही. "तू आनेल शे ना," म्हणत तशीच मुळी तोडली आणि कुटायला बसली. मीच मग पडलेलं पान उचललं, डोळे मिटले आणि टोकावरून हळूच अंगठा फिरवला.