जागेवर नसलेली प्रेमा

प्रेमा कोचरेकर रागावली की बोलत नाही, भांडी घासते. स्वच्छ भांडीसुद्धा. त्या शुक्रवारी दुपारी विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आपल्या घरात तिने सकाळी घासलेला कुकर पुन्हा घासायला घेतला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, चंद्रप्रकाशने, टीव्हीचा आवाज आपणहून बंद केला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. कुकर दुसऱ्यांदा का घासला जातो, हे त्याला विचारावं लागत नव्हतं.

ऑफिसचं पत्र आलं होतं. दोनच ओळी होत्या. ‘मी कामाच्या वेळेत वारंवार जागेवर नव्हते. यापुढे असे होणार नाही.’ खाली सहीसाठी रिकामी जागा. सोमवारपर्यंत सही करून पाठवायची होती. केली तर हा डाग कायमचा तिच्या फाइलला लागणार होता आणि नाही केली तर एक तारखेपासून नोकरी संपणार होती.

आता ही बाई कोण, ते सांगायला हवं. अंधेरीतल्या एका कंपनीत विम्याचे दावे येतात. हॉस्पिटलांतले केसपेपर, डॉक्टरांच्या हातचे. ते वाचून कॉम्प्युटरवर भरायचे, हे प्रेमाचं सव्वीस वर्षांचं काम. डॉक्टर लोक जे लिहितात त्याला अक्षर म्हणायचं धाडस कुणी करणार नाही. प्रेमा ते वाचते. शब्द अडला की ती टायपिंग थांबवते, डावा हात लॅपटॉपच्या कोपऱ्यावर टेकवते, उजव्या हाताने केसपेपरचा फोटो मोठा करते आणि डोळे बारीक करून बसते. दोन मिनिटं, पाच मिनिटं, पण शब्द सुटल्याशिवाय पुढे जात नाही. एकदा तिने औषधाच्या मात्रेतला दशांशाचा एक पॉइंट शोधून काढला होता आणि कुणा म्हातारीचा नाकारलेला दावा मंजूर झाला होता. ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला अक्षर वाचायला तिच्याच शेजारी बसवत. लॉकडाऊनपासून ती हे सगळं घरून करते, खिडकीजवळच्या टेबलावर, साडेनऊ ते साडेसहा. मधे फक्त जेवायला उठते. अशा बाईला लिहून द्यायला सांगत होते की ती जागेवर नव्हती.

झालं होतं असं की होळीनंतर कंपनीने सगळ्यांना नवे लॅपटॉप दिले. प्रेमाचा नवा लॅपटॉप दुसऱ्याच दिवसापासून चालू कामात झोपायला लागला. स्क्रीन एकदम काळी, आतला पंखा बंद. पुन्हा उठवायचा, पासवर्ड घालायचा, ऑफिसशी जोडणी होईपर्यंत थांबायचं. तोवर चार-पाच मिनिटं जात आणि तिकडे ऑफिसच्या यंत्रात तेवढी मिनिटं ‘जागेवर नाही’ म्हणून पडत. दिवसातून आठदा, दहादा. आणि हटकून अवघड केसपेपर समोर असतानाच.

प्रेमाने काय करायचं बाकी ठेवलं नाही. चार्जर बदलला, दुसऱ्या प्लगला लावून पाहिला. तापत असेल म्हणून पोळपाट उलटा घालून त्यावर लॅपटॉप ठेवला. आठवडाभर घरात पोळ्या ताटावर लाटल्या गेल्या. मुलगी निधी मुलुंडहून रविवारी आली, तिने आईला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली, सेटिंगमध्ये जाऊन झोपण्याच्या वेळेपुढे ‘कधीच नाही’ करून दिलं आणि तासभर स्वतःचं काम करून दाखवलं. लॅपटॉप जराही डोळा मिटेना. निधी गेली आणि सोमवारी दहा वाजता स्क्रीन काळी.

घाटकोपरच्या सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या माणसाने दोन दिवस ठेवून घेतला आणि मशीनमध्ये काही दोष नाही असा कागद दिला. ऑफिसच्या आयटीवाल्यांनी तिकडूनच ऑनलाइन लॅपटॉपचा ताबा घेतला, प्रेमाला हात बाजूला ठेवायला सांगितलं आणि दीड तास तपासला. काही नाही. ज्याच्या त्याच्या हातात तो शहाण्यासारखा वागत होता. मग कुणीतरी म्हणालं, काकूंना नवीन जमत नाही. एकाने म्हटलं की बाकीचे म्हणायला मोकळे. घरातही वेगळं काही नव्हतं. चंद्रप्रकाश एकदा नको ते बोलून गेला.

“गो, तूच खय तरी बोट लावला असतलंस.”

त्या दिवशी सगळी कढई-पातेली घासून निघाली.

मला विचाराल तर प्रेमाचा राग लॅपटॉपवर नव्हताच. यंत्र आहे, बिघडेल. पण दोन महिने प्रत्येक जण येत होता, तिला ‘जरा बाजूला हो’ म्हणत होता, तिच्या खुर्चीत बसत होता आणि सगळं ठीक आहे असं तिलाच ऐकवून जात होता. काम करते ती, बिघाड होतो तिच्या हातात, आणि तिला काम करताना बघायची बुद्धी एकालाही झाली नाही.

कुकर घासून झाल्यावर प्रेमाने ऑफिसला फोन लावला. लॅपटॉप आता कुठेही पाठवणार नाही, माणूस घरी पाठवा, नाहीतर मी तिथे येऊन बसते, असं शांतपणे सांगितलं. तिचा शांतपणा फोनमधूनही पोचला असावा. शनिवारी सकाळी कंपनीचा इंजिनिअर दारात हजर झाला. नितेश त्याचं नाव, चाळिशीचा, घामाघूम. चहा घेतला, पेचकस काढला आणि सवयीने म्हणाला, “ताई, जरा बाजूला व्हा.”

“नाही होणार,” प्रेमा म्हणाली. “तू तिथे स्टुलावर बस. मी काम करते, तू बघ. हात लावायचा नाही.”

नितेश बसला. प्रेमाने नेहमीसारखं सगळं केलं. देवाला नमस्कार केला, चष्मा पुसला, टेबलाच्या खणातून तांब्याचा पट्टा काढून डाव्या मनगटावर चढवला आणि बसली. पंधरा मिनिटं ती टायपिंग करत होती. नितेश मोबाइल बघायला लागला, तसा तिने तो मागून घेऊन टेबलावर पालथा ठेवला. मग एका सर्जनचा केसपेपर आला, शब्द अडला. प्रेमाने डावा हात कोपऱ्यावर टेकवला आणि स्क्रीन काळी झाली.

“तसंच परत करा,” नितेश म्हणाला.

तिने केलं. स्क्रीन पुन्हा काळी झाली. तिसऱ्यांदाही तेच. नितेश उठून जवळ आला, तिच्या मनगटाकडे बघत राहिला आणि पट्टा मागून घेतला. हातातला पेचकस त्याने पट्ट्याजवळ नेला, तसा तो टक्कन चिकटला. मग त्याने पट्टा लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावरून नुसता फिरवला आणि स्क्रीन गेली. त्याने समजावून सांगितलं. झाकणात एक चुंबक असतो, झाकण मिटलं की खालच्या कोपऱ्याला तो जाणवतो आणि मशीन झोपतं. पट्ट्यातल्या चुंबकांमुळे त्याला वाटतं की झाकण मिटलं. जुन्या मॉडेलला ही भानगड नव्हती, म्हणून तेव्हा काही झालं नाही.

नितेशला हसू आलं. प्रेमाला आलं नाही. कारण तो पट्टा तिने कुठल्या जत्रेत घेतला नव्हता. कंपनीनेच दिला होता, पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा, शाल आणि नारळाबरोबर. टायपिंग करणाऱ्यांचं मनगट दुखतं, त्यावर चुंबक चांगला, असं तेव्हा भाषणात सांगितलं होतं. वर कंपनीचं नाव कोरलेलं. प्रेमा तो स्वयंपाकात घालत नसे, बाहेर जाताना घालत नसे. ती कामाची वस्तू, कामालाच बसताना घालायची. तिचे वडील गिरणीत होते. दसऱ्याला आपल्या हत्याराला फूल वाहायचे. प्रेमाही लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहते आणि शेजारी हा पट्टा ठेवून त्यालाही हळदकुंकू लावते. बक्षीस म्हणून दिलेल्या वस्तूने तिला गैरहजर ठरवलं होतं.

नितेशने रिपोर्ट लिहिला. ‘युजरने हातात चुंबक घातल्याने बिघाड.’ प्रेमाने तो वाचला आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली. चुंबक कुणी दिला तेही लिही, म्हणाली. नितेशने मान खाली घालून लिहिलं.

त्याच संध्याकाळी तिच्या मॅनेजरचा, प्रांजलचा फोन आला. आवाज गोड. शोध लागला हे फार छान झालं, आता पट्टा घालू नका, विषय संपला. तेवढी पत्रावर सही करून टाका, सिस्टिममध्ये चढलंय, नुसती फॉर्मॅलिटी आहे. ही तीच प्रांजल, जी लॉकडाऊनच्या आधी नोकरीला लागली तेव्हा डॉक्टरांची अक्षरं बघून रडकुंडीला आली होती आणि चार महिने प्रेमाच्या शेजारी बसून शिकली होती. प्रेमाने फोन ठेवला. तिने भांडी घासली नाहीत, म्हणून चंद्रप्रकाश रात्री घाबरून लवकर झोपला.

सोमवारी प्रेमा अंधेरीच्या ऑफिसात गेली. प्रांजल आपल्या जागेवर होती, समोर तोच नवा लॅपटॉप. काहीतरी घाईघाईने टाइप करत होती. “बसा ना प्रेमाताई,” ती म्हणाली. “सही आणलीत?”

प्रेमा बसली नाही. तिने पर्समधून बिनसहीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. मग पट्टा काढला आणि प्रांजलच्या लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. स्क्रीन काळी झाली.

“अहो, काय करताय? मी काम करतेय.”

“नाही,” प्रेमा म्हणाली. “तू जागेवर नाहीस.”

प्रांजलने काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग प्रेमाकडे. आजूबाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं होतं. प्रेमाने पत्र तिच्यासमोर सरकवलं, त्यावर पेन ठेवलं.

“कर सही. नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

प्रांजल पेनला हात लावेना. प्रेमा उभीच राहिली. तिला घाई नव्हती, अवघड अक्षरासमोर बसायची सवय होती. बऱ्याच वेळाने प्रांजलने पत्र उचललं, मधोमध फाडलं आणि पट्टा उचलून प्रेमाच्या हातात दिला.

“आता लिहून दे,” प्रेमा म्हणाली. “मी जागेवरच होते, असं. वाचता येईल अशा अक्षरात.”

मग ती खुर्ची ओढून बसली.